वावडें आणि आग्रह

आपल्या मराठी भाषेंत ‘वावडें’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. वांगें खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर गांधी उठतात त्याला वांग्याचें वावडें. ज्याला कारल्याची चव आवडत नाहीं त्यालाहि कारल्याचें वावडें. आणि जो विद्यार्थी गृहपाठ करीत नाहीं त्याला अभ्यासाचें वावडें आहे, असें आम्ही शिक्षक सर्रास म्हणतों. नावड, आळस आणि प्राणसंकट हीं तीनहि एकाच शब्दांत कोंबलीं गेल्यामुळें ऐकणाराला कोणता अर्थ घ्यावा हें कळत नाहीं, व बहुधा तो सर्वांत हलका अर्थ घेतो. मीं तोच घेतला. त्याची हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे या विषयावर लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे हें वाचकांस ठरवितां येईल.

टोकावडे व त्याच्या आसपासच्या वाड्यापाड्यांवरून आमच्या वर्गांत येणारीं मुलें बहुधा शेतकऱ्यांचीं, ठाकर-कातकऱ्यांचीं व महादेव कोळ्यांचीं असतात. संक्रांतीच्या दिवशीं वर्गशिक्षकानें तिळगूळ वांटावा अशी आमच्याकडे जुनी चाल आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आठवीचा वर्ग माझ्याकडे होता. डबा घेऊन मी प्रत्येक बाकापाशीं जात असतां मागच्या बाकावरील एक मुलगा हात पुढें करीना. ‘सर, मला तिळाचं वावडं आहे,’ तो हळूच म्हणाला. मीं हंसून म्हटलें, ‘अरे, तिळाचं वावडं कीं गोड बोलण्याचं?’ सगळा वर्ग खो खो हंसला. मुलगा लाजला, त्यानें इकडेतिकडे पाहिलें, वडी उचलली आणि तोंडांत टाकली. आपला विनोद साधला या समाधानांत मी पुढच्या बाकाकडे वळलों.

पांच-सात मिनिटें गेलीं असतील. तो ओठ चोळूं लागला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, गळ्यावर व दंडांवर गांधी उठल्या, डोळे सुजले. ‘पित्त उठलंय,’ असें कोणीसें म्हणालें. लगेच स्वयंपाकघरांतून आमसुलें आणविलीं. तीं पाण्यांत कुसकरून त्याच्या अंगास चोळण्यांत आम्हीं शहाण्यासुरत्या माणसांनीं मोलाचा वेळ घालविला. तेवढ्यांत त्याला वांती झाली, आवाज बसला, खोकल्याची उबळ थांबेना व श्वास घेतांना छातींत शीळ वाजूं लागली. तेव्हां मात्र माझे हातपाय गळाले. एका पालकाची जीप दाराशीं उभी होती. तींत घालून त्याला दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं त्याच्याकडे एकदां पाहिलें, मांडीच्या बाहेरच्या बाजूस ॲड्रेनलिनची सुई दिली, आणि मग विचारलें, ‘काय खाल्लं होतं?’ दहा मिनिटांत मुलाच्या चेहऱ्यावर रक्त आलें. ‘आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर?’ असें मीं विचारलें. डॉक्टरांनीं त्याचें उत्तर दिलें नाहीं.

तिन्हीसांजेच्या सुमारास त्याची आई आली. क्षमा मागण्यासाठीं मी मनांत शब्द जुळवीत होतों. तोंच ती म्हणाली, ‘सर, त्याला लहानपणापासनं तीळ चालत नाय. मी सांगितलं व्हतं, कुणीबी दिला तरी खाऊ नको. पण सरांनी दिलेलं कसं टाकायचं, म्हणून त्यानं खाल्लं.’ तिच्या बोलण्यांत रागाचा लवलेशहि नव्हता. ती रागावली असती तर मला बरें वाटलें असतें.

त्यानंतर कित्येक दिवस मी या विषयावर मिळेल तें वाचीत व डॉक्टरांस विचारीत राहिलों. कळलें तें असें. रोगजंतूंपासून शरीराचें रक्षण करणारी जी यंत्रणा आपल्या रक्तांत आहे ती कांहीं मुलांच्या बाबतींत एखाद्या निरुपद्रवी अन्नांतील प्रथिनासच शत्रु समजते, व त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार करून सज्ज राहते. पुढें तें अन्न कणभर जरी पोटांत गेलें तरी विशिष्ट पेशींतून हिस्टामिन व तत्सम द्रव्यें एकदम सुटतात. मग त्वचेवर गांधी उठतात. ओठ, जीभ व घसा सुजतो. श्वासनलिका आवळल्या जातात. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो. या तीव्र विकारास ‘ॲनाफायलॅक्सिस’ असें नांव फ्रान्समधील रिशे व पोर्तिए यांनीं १९०२ सालीं दिलें, व त्या संशोधनाबद्दल रिशे यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

यांत मुलाच्या हट्टाचा, लाडाचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा कांहींएक संबंध नाहीं. ही गोष्ट पटण्यासाठीं एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९२१ सालीं ब्रेस्लाऊ येथील क्यूस्टनर नांवाच्या डॉक्टरास शिजविलेल्या माशाचें वावडें होतें. त्याचा सहकारी प्राउस्निट्झ यास मासे खाऊन कांहींच होत नसे. प्राउस्निट्झनें क्यूस्टनरच्या रक्तांतील रस स्वतःच्या त्वचेंत टोंचून घेतला, व दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. तेवढ्याच जागीं गांध उठली. क्यूस्टनरचें वावडें त्याच्या मनांत असतें तर तें असें सुईनें दुसऱ्याच्या अंगांत गेलें नसतें. रक्तांतील तो पदार्थ कोणता हें कळण्यास मात्र पुढें पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९६६ सालीं इशिझाका या जपानी पतिपत्नींनीं अमेरिकेंत तो ओळखला, व आज त्यास आयजीई असें म्हणतात. आमच्या वर्गांत हा प्रयोग सांगितला तेव्हां मुलें डोळे विस्फारून ऐकत होतीं. त्या संक्रांतीच्या आधीं तो मला ठाऊक असता तर!

दूध, अंडीं, भुईमूग, काजू-बदाम, मासे, कोळंबी-खेकडे, गहूं, सोयाबीन आणि तीळ यांपासून हा प्रकार विशेषेंकरून होतो. हरभऱ्याचीं उदाहरणेंहि आपल्या देशांतील डॉक्टरांनीं नोंदलीं आहेत. दुधाचें व अंड्याचें वावडें पुष्कळ मुलांच्या बाबतींत वयाबरोबर जातें. भुईमूग, काजू, मासे यांचें बहुधा जन्माचें सोबती होऊन राहतें. आमच्या भागांत पहिला पाऊस पडला कीं ओढ्यानाल्यांत खेकडे धरण्याची एकच धूम उडते, व पावसाळ्याच्या बेगमीस घरोघर जवळा, सुकट, बोंबील भरून ठेवलेले असतात. (सुकटीवांचून मला स्वतःला पावसाळा कंठतां येणार नाहीं, हें येथें कबूल करतों.) अशा घरांत एखाद्या मुलाला जवळ्याचें वावडें निघालें तर त्यानें काय करावें? कांहींना तर शिजत्या जवळ्याच्या वाफेनेंहि त्रास होतो. घरचीं माणसें म्हणतात, ‘आमच्या सात पिढ्यांत कुणाला झालं नाही, तुलाच कसं झालं?’ आणि तें पोर चुलीपासून दूर, ओटीवर जाऊन बसतें.

आमसुलाविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. आमसुलाच्या पाण्यानें त्वचेचा दाह व कंड कमी वाटते, हा आपल्या आज्यांचा अनुभव मी नाकारीत नाहीं. परंतु ‘पित्त उठलें’ या दोन शब्दांनीं आपण त्वचेवर जें दिसतें तेवढेंच पाहावयास शिकलों, व आंत घसा आणि फुप्फुसें यांत काय चाललें आहे हें पाहावयाचें विसरलों. गांधींच्या जोडीला श्वास, आवाज, वांती, घेरी यांपैकीं कांहींहि आलें कीं तें पित्त राहिलें नाहीं. त्यावर औषध एकच, ॲड्रेनलिन, आणि तें मांडीच्या स्नायूंत लवकर जावें लागतें. खाज बंद करणारी गोळी त्याची जागा घेऊं शकत नाहीं. रोग्यास उठवून चालवूं नये. आडवें निजवून पाय उंच ठेवावे, व श्वास लागत असेल तर बसूं द्यावें. एका सुईनें उतार न पडल्यास डॉक्टर पांच ते पंधरा मिनिटांनीं दुसरी देतात, आणि बरें वाटल्यावरहि कांहीं तास सोडीत नाहींत, कारण लक्षणें पुन्हां उलटूं शकतात.

परदेशांत अशीं मुलें ॲड्रेनलिनची तयार भरलेली लेखणीसारखी सुई दप्तरांत बाळगतात. आपल्याकडील सामान्य औषधाच्या दुकानांत ती मिळत नाहीं. पण औषध तेंच, व त्याची साधी कांचेची कुपी अगदीं स्वस्त आहे. ती टोंचणारा माणूस वेळेवर भेटला पाहिजे, एवढीच अडचण. २०१४ पासून आपल्या राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तरी घाटाखालच्या वाडीवर जेथें मोबाइलला रेंज मिळण्यासाठीं टेकाडावर चढावें लागतें, तेथें क्रमांक पाठ असून भागत नाहीं. कोणाची गाडी कोठें उभी असते हेंहि ठाऊक असावें लागतें.

आतां माझ्या मुख्य सांगण्याकडे येतों. त्या दिवशीं त्या मुलास तिळापेक्षां माझा आग्रह अधिक भोंवला, असें मला वाटतें. आपल्या पंगतींत आग्रहाशिवाय वाढणें म्हणजे यजमानाचा कमीपणा. ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘आणखी एकदां विचारा’ असा आपण करतों. त्याच्याहि मुळाशीं दुसरें कांहीं आहे. या देशांत कोणाच्या हातचें खावें व कोणाच्या हातचें खाऊं नये यावरून शतकानुशतकें माणसाची किंमत ठरत आली. माझ्या आजोबांच्या पिढीनें पुढें केलेलें पाणी लोकांनीं नाकारलेलें पाहिलें आहे. त्यामुळें आमच्यासारख्यांच्या हातचा घास कोणी नाकारला कीं मनांत जुनी कळ उठते. नाकारणारा तेरा वर्षांचा ठाकराचा पोर असला तरी ती उठते, हें त्या दिवशीं मला कळलें. मग आपण विनोद करतों, कीं ज्यामुळें त्याला तो घास घ्यावाच लागावा. माझ्या विनोदांत ती कळ अजिबात नव्हती असें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं.

कोणी म्हणतील, अशीं मुलें असतात तरी किती? प्रश्न रास्त आहे. म्हैसूर-बंगळूरच्या बाजूस झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अन्नाचें खरें वावडें असलेलीं मुलें हजारांत एकदोनच आढळलीं. हाँगकाँगमध्यें तींच पंधराच्या घरांत होतीं. तेव्हां आमच्या शाळेसारख्या ठिकाणीं असें एखादें मूल असेल किंवा नसेलहि. पण जें हजारांत एक आहे त्याच्या वर्गांतील शिक्षकानें असें दुसरें मूल पूर्वीं पाहिलेलें नसतें, शेजाऱ्यानें ऐकलेलें नसतें, आणि त्याचें बोलणें खोटें वाटण्यास एवढें कारण पुरेसें होतें.

म्हणून शाळेंतून शेंगदाणे, तीळ, अंडीं हद्दपार करावीं, असेंहि माझें म्हणणें नाहीं. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टींत मुलांच्या दंडांचीं हाडें मोजतां येतात. तेथें दाण्याची चिक्की आणि उकडलेलें अंडें हें अमृत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत राज्य सरकारनें शाळेच्या आहारांत आठवड्यास एक अंडें किंवा केळें देण्याचें ठरविलें, व २०२५ च्या जानेवारींत अंड्यांसाठीं वेगळे पैसे देणें थांबविलें. त्या वादांत धर्माची व पोषणाची चर्चा पुष्कळ झाली; वावडें असलेल्या मुलाची माझ्या तरी कानीं आली नाहीं. एका मुलासाठीं शंभरांचें अंडें काढून घेऊं नये, व शंभरांसाठीं एकाच्या ताटांत तें घालूं नये, एवढी अक्कल वाढणाऱ्याच्या पळीला असली म्हणजे झालें. उलट भीतीनें तान्ह्या मुलांस असे पदार्थ चाखूंच न देणें हेंहि घातक ठरूं शकतें. लंडन येथें ६४० बालकांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्यांस वावडें होण्याचा संभव अधिक होता अशांनाच लहानपणापासून भुईमुगाचे पदार्थ दिले असतां त्यांच्यांत भुईमुगाचें वावडें पुष्कळच कमी झालें. अर्थात् हें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं झालें. आजीनें घरीं करून पाहण्याचा प्रयोग नव्हे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या वयाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. लहान मुलाचें वावडें आई संभाळते. आठवी-दहावीच्या मुलास तें स्वतः संभाळावें लागतें, आणि नेमक्या त्याच वयांत चारचौघांहून निराळें दिसण्याची लाज वाटते. तो औषध घरीं विसरतो, मित्रांत ‘मला चालतं’ म्हणतो, वडापाववाल्यास चटणींत काय आहे हें विचारीत नाहीं. या वयांत असे मृत्यु अधिक घडतात याचें तें एक कारण आहे. दुसरें कारण त्याचे सोबती. २०१७ च्या जून महिन्यांत लंडनमधील एका शाळेंत एका तेरा वर्षांच्या मुलावर वर्गबंधूनें चेष्टेनें चीजचा लहानसा तुकडा फेंकला. त्या मुलास दुधाचें तीव्र वावडें होतें. शाळेंत त्याच्या नांवाची औषधाची सुई होती, परंतु तिची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीं संपलेली होती. कांहीं दिवसांनीं तो मुलगा दगावला. तुकडा फेंकणाऱ्यास याचा परिणाम ठाऊक नव्हता, असेंच चौकशींत निघालें. मीं तरी तिळगूळ देतांना कोठें ठाऊक करून घेतलें होतें?

वेष्टनावरील मजकूर वाचण्याची संवयहि लावून घ्यावी. आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांनीं दूध, अंडीं, मासे, भुईमूग, काजू-बदाम, सोयाबीन, गहूं वगैरे पदार्थ वेष्टनावर स्पष्ट सांगणें बंधनकारक केलें. तिळाच्या देशांत केलेल्या त्या यादींत तीळ मात्र नव्हता. अमेरिकेंत २०२३ च्या १ जानेवारीपासून तो यादींत आला. इंग्लंडांत २०१६ सालीं नताशा नांवाची पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेला भरलेला पाव खाऊन मरण पावली. पावाच्या कणकेंत तीळ होते व वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईबापांनीं चिकाटी धरली, आणि २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून तिच्याच नांवानें ओळखला जाणारा कायदा तेथें अंमलांत आला. आमच्या बाजारांतील सुटी चिक्की, फरसाण व खारी यांस वेष्टनच नसतें. तेथें दुकानदारास विचारण्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि विचारलेलें त्याला आवडत नाहीं.

आमच्या शाळेंत आतां प्रवेशाच्या अर्जावर ‘कोणत्या अन्नानें त्रास होतो व काय होतें’ अशी एक ओळ आहे. ‘वावडें’ हा शब्द तींत मुद्दामच घातला नाहीं, कारण तो घातल्यास निम्मे पालक ‘कारलें’ असें लिहितील. स्वयंपाकीणबाई त्या मुलासाठीं निराळी पळी ठेवतात. जीप कोणाची व दवाखान्याचा क्रमांक काय, हें कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलें आहे. यापलीकडे आम्हीं कांहीं मोठें केलेलें नाहीं.

पुढच्या वर्षीं संक्रांत आली तेव्हां तो नववींत होता. वर्गानें आपण होऊन ठरविलें कीं यंदा तिळगूळ नको, त्याऐवजीं काटेरी हलवा वांटूं. तो नुसत्या साखरेचा असतो. सगळ्यांस हें पटलें, मलाहि पटलें. तेवढ्यांत पहिल्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, ‘सर, हलव्याच्या दाण्याच्या आंत काय असतं?’ आम्हीं एक दाणा फोडून पाहिला. आंत तीळ होता. (खसखशीचा किंवा साबुदाण्याचाहि हलवा करतात, पण दुकानांतील तो दाणा तिळाचाच निघाला.) अखेर नवी गुळाची ढेप आणावयाची ठरली.

संक्रांतीच्या दिवशीं मी डबा घेऊन त्याच्या बाकापाशीं गेलों. त्यानें हात पुढें केला नाहीं. ‘सर, ढेप कशानं फोडली?’ त्यानें विचारलें. स्वयंपाकघरांतील बत्त्यानें आम्ही तीळ कुटतों, हें त्याला ठाऊक होतें. वर्गांत कोणी हंसलें नाहीं. हस्तकलेच्या वर्गांतील हातोडी साबणानें धुऊन तिनें फोडली, असें मीं सांगितलें, व ती हातोडीहि आणून दाखविली. त्यानें ती निरखून पाहिली, आणि मग गुळाचा खडा तोंडांत टाकला.